दगडापेक्षा वीट, तिसरा उमेदवार की कोरी ओळ: अमेरिकेतल्या मध्यममार्गी मतदारानं जोर कुठे लावावा?

२०२४ च्या मतदानोत्तर पाहणीत स्वतःला ‘मॉडरेट’ म्हणवणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोकांनी कमला हॅरिस यांना मत दिल्याचं दिसलं. जिंकले डॉनल्ड ट्रम्प. २००४ मध्ये हाच वर्ग जॉन केरी यांच्याकडे झुकला होता आणि जिंकले जॉर्ज बुश. २०१२ मध्ये उलटीच गंमत झाली. कोणत्याच पक्षाला बांधून न घेतलेले ‘इंडिपेंडंट’ मतदार मिट रॉम्नी यांच्या बाजूला गेले, आणि ओबामा दुसऱ्यांदा निवडून आले. त्यामुळे ‘निकाल मधले लोक ठरवतात’ हे टीव्हीवरचं आवडतं वाक्य मी अर्धंच खरं मानतो. शिवाय मॉडरेट आणि इंडिपेंडंट ही एकच माणसंही नव्हेत. इंडिपेंडंट म्हणवणारे पुष्कळ जण दरवेळी एकाच पक्षाचं बटण दाबतात.

कोणाला मत द्या हे मी इथे सांगणार नाही. करांच्या बाबतीत एक पक्ष पटतो, गर्भपाताच्या बाबतीत दुसरा. सीमेवर बंदोबस्त हवा, पण ग्रीन कार्डची रांगही हलायला हवी. आणि दोन्हीकडच्या सभा पाहिल्या की टीव्ही बंद करावासा वाटतो, अशा माणसानं आपलं एक मत कुठे खर्चावं, एवढाच प्रश्न आहे. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या आणि नागरिकत्व घेतलेल्या मराठी घरांत तो दर चार वर्षांनी निघतो. पुढची पाळी नोव्हेंबर २०२८ ची.

दोघांतला बरा

पहिला मार्ग सगळ्यांना ठाऊक असलेला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं आणि डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन मोठ्या पक्षांपैकी एकाला मत टाकून यायचं. यात कमीपणा काही नाही. पण या मताचं वजन तुमचं घर कुठल्या राज्यात आहे यावर ठरतं. राष्ट्राध्यक्ष ठरतो राज्याराज्यांत वाटलेल्या ५३८ निर्वाचक मतांतून, हवी असतात २७०, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात. २०२४ मध्ये खरी झुंज सात राज्यांत होती: पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा. २०२० मध्ये जॉर्जियाचा निकाल ११,७७९ मतांनी लागला होता आणि ॲरिझोनाचा १०,४५७ मतांनी. तिथे राहणाऱ्यानं नाक मुरडावं, पण दोघांतून एक निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅलिफोर्नियात हॅरिस सुमारे वीस टक्क्यांनी पुढे होत्या, टेक्ससमध्ये ट्रम्प जवळपास चौदा टक्क्यांनी. तिथल्या मतदाराला मोकळीक जास्त. फक्त ‘आपलं राज्य तर ठरलेलंच आहे’ हे दर खेपेला तपासून घ्यावं. न्यू जर्सीत २०२० मध्ये बायडन सोळा टक्क्यांनी जिंकले, चारच वर्षांत हॅरिस यांच्या हाती जेमतेम सहा उरले. तिथल्या एडिसनच्या मंडळींनी ही घसरण लक्षात ठेवलेली बरी.

दोघांत बरा कोण, हे ओळखायला ऑक्टोबरची भाषणं फारशी उपयोगाची नाहीत. तोवर दोघंही मध्याकडे सरकलेले असतात. २०१२ च्या फेब्रुवारीत पक्षातल्या कडव्या मंडळींसमोर रॉम्नी यांनी स्वतःला अतिशय कट्टर परंपरावादी म्हणवून घेतलं. मार्चमध्ये त्यांच्या सल्लागारानं टीव्हीवर सांगून टाकलं की मुख्य निवडणुकीआधी पाटी हलवून पुन्हा नवीन चित्र काढता येतं. ऑक्टोबरच्या पहिल्या वादविवादात ते नवीन चित्र सगळ्यांनी पाहिलं. २०२४ मध्येही तसंच झालं. २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी आणू म्हणणाऱ्या हॅरिस पेन्सिल्व्हेनियात येईपर्यंत बंदी आणणार नाही म्हणत होत्या. तिकडे गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या न्यायाधीशांच्या नेमणुका मिरवणारे ट्रम्प ऑक्टोबरात देशव्यापी बंदीवर नकाराधिकार वापरण्याची भाषा करत होते.

मला स्वतःला उमेदवार सत्तेवर असताना काय करत होता हे जास्त विश्वासाचं वाटतं. रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर म्हणून २००६ मध्ये आरोग्यविम्याचा कायदा केला होता, तोही डेमोक्रॅटिक विधिमंडळाबरोबर बसून. त्यांच्या दोन्ही प्रकारच्या भाषणांपेक्षा त्या कायद्यातून माणूस अधिक कळतो.

तिसरा उमेदवार

मध्यममार्गी माणसाला सर्वांत मोह पडतो तो इथे, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण १९९२ चं. टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो सरकारी तुटीचे तक्ते घेऊन अर्ध्या-अर्ध्या तासाच्या विकत घेतलेल्या वेळेत टीव्हीवर बसत, आणि लोक ते चक्क बघत. जूनमध्ये काही चाचण्यांत ते थोरले बुश आणि क्लिंटन या दोघांच्याही पुढे होते. जुलैत त्यांनी माघार घेतली, ऑक्टोबरला परत आले, आणि एवढा घोळ घालूनही १८.९ टक्के मतं घेऊन गेले. म्हणजे दोन कोटींना थोडी कमी. मेन राज्यात त्यांनी बुश यांना मागे टाकलं, युटामध्ये क्लिंटन यांना. निर्वाचक मतं मिळाली शून्य.

मग ती मतं वाया गेली का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या मतदारांवर डोळा ठेवून दोन्ही पक्ष पुढची काही वर्षं तुटीबद्दल बोलत राहिले आणि १९९८ मध्ये अंदाजपत्रक शिलकीत आलं. त्यात पेरोंचा वाटा किती आणि तेजीतल्या अर्थव्यवस्थेचा किती, यावर वाद घालता येईल. शिवाय पाच टक्क्यांची रेघ ओलांडली की पुढच्या निवडणुकीत पक्षाला सरकारी निधी मिळतो. पेरोंच्या रिफॉर्म पक्षाला तो मिळालाही. २००० साली त्या पैशावर कट्टर परंपरावादी पॅट ब्यूकॅनन उभे राहिले, आणि मध्यममार्ग राहिला बाजूला.

पेरो मात्र पेरोच होते. त्यानंतरच्या आकड्यांनी माझा तरी उत्साह मावळतो. २००० मध्ये फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. २०१६ मध्ये मिशिगनचा फरक १०,७०४ चा होता. लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांची मतं तिथे पावणेदोन लाखांच्या घरात होती. देशभर मिळून ते ३.३ टक्क्यांवर थांबले, म्हणजे पाचाची रेघही हुकली. २०२४ साठी ‘नो लेबल्स’ नावाची संघटना मध्यममार्गी जोडी उभी करणार म्हणून बराच गाजावाजा झाला. उमेदवारच न मिळाल्यामुळे एप्रिलमध्ये तिनं बेत गुंडाळला. अपक्ष उभे राहिलेले रॉबर्ट केनेडी ज्युनियर ऑगस्टमध्ये थांबले आणि त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला, पण मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकेवरून त्यांचं नाव काही निघालं नाही. हजारो लोकांनी शर्यत सोडून गेलेल्या माणसाला मत दिलं.

हिशोब सरळ आहे. तुमचं मत एका मोठ्या उमेदवाराकडून दुसऱ्याकडे गेलं तर दोघांतला फरक दोन मतांनी बदलतो. तिसऱ्याला दिलं तर एकानं. काठावरच्या राज्यात निषेध नोंदवायची ही महाग रीत आहे. कॅलिफोर्नियात मात्र जरूर करा; तिथे त्या पाच टक्क्यांना तरी हातभार लागेल.

मेनमध्ये हा पेच बराचसा सुटला आहे. तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठीही पसंतीक्रम देता येतो. पहिली पसंती तिसऱ्याला, दुसरी दोघांतल्या बऱ्याला. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं. अलास्कानंही ही पद्धत घेतली आहे. २०२४ मध्ये ती रद्द करायचा प्रस्ताव तिथे हजाराहूनही कमी मतांनी पडला.

कोरी ओळ

बाकी पदांसाठी खुणा करायच्या आणि राष्ट्राध्यक्षाची ओळ तेवढी मोकळी सोडायची. २०१६ मध्ये मिशिगनात सुमारे ७५ हजार जणांनी हे केलं. फरक किती होता ते वर आलंच आहे. आपल्याकडच्या ‘नोटा’ची सवय असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण ही सोय छापील स्वरूपात फक्त नेवाडात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, ट्रम्प नव्हतेच, आणि उमेदवारीसाठी त्यांच्याशी झुंजणाऱ्या निकी हेली यांना ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायानं ६३ विरुद्ध ३० टक्के असं हरवलं. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला होता, त्याची आठवण झाली. दोन्हीकडे बातमी झाली. त्यापलीकडे उमेदवाराचं काही अडलं नाही.

निकालावरचा परिणाम तिसऱ्याला मत देण्याइतकाच, आणि नोंद त्याहून पुसट. म्हणून हा पर्याय माझ्या यादीत सगळ्यात खाली आहे.

प्रायमरी

आता ज्या मार्गाकडे आपली माणसं ढुंकूनही बघत नाहीत त्याकडे. पक्षाचा उमेदवार ठरतो तो जानेवारी ते जूनच्या दरम्यान, आणि ठरवतात फार थोडे लोक. २०२४ च्या आयोवा कॉकसला (प्रायमरीऐवजी सभा भरवून होणाऱ्या मतदानाला) रिपब्लिकनांकडून सुमारे एक लाख दहा हजार माणसं आली. अख्ख्या राज्याचा कौल म्हणून जगभर मथळे झाले ते एवढ्यावर.

मध्यममार्गींनी प्रायमरीत काय होतं आणि काय होऊ शकतं, हे दोन वर्षं शेजारी ठेवून पाहिलं की कळतं. २०१६ मध्ये रिपब्लिकन बाजूला रुबिओ, केसिक, जेब बुश अशी गर्दी होती आणि मवाळ मतं त्यांच्यात फुटली. साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांनी ३२ टक्क्यांच्या जोरावर पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे सगळेच्या सगळे ५० प्रतिनिधी उचलले, कारण तिथला नियमच जिंकणाऱ्याला झुकतं माप देणारा होता. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक बाजूला बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले. लोकांनी त्यांची आशा सोडली होती. मग साउथ कॅरोलिनाच्या, मुख्यतः कृष्णवर्णीय, मतदारांनी त्यांना मोठं यश दिलं. लगोलग पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार बाजूला झाले, आणि तीन दिवसांनी ‘सुपर ट्यूसडे’ला, म्हणजे अनेक राज्यांच्या प्रायमरी एकत्र होतात त्या दिवशी, डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्स यांच्यासमोर मवाळ बाजूचा एक भक्कम उमेदवार उभा होता. मतदार दोन्ही वेळी होते. फरक पडला तो किती लवकर एका नावावर आले यानं.

हरलेलं मतही इथे बोलतं. हेली यांनी ६ मार्च २०२४ ला माघार घेतली. त्यानंतर जवळपास सात आठवड्यांनी पेन्सिल्व्हेनियाच्या प्रायमरीत, जिथे फक्त नोंदणीकृत रिपब्लिकनच मत देऊ शकतात, त्यांना दीड लाखाहून जास्त मतं पडली. लगेच दोन्ही छावण्या कामाला लागल्या. जुलैत मिलवॉकीच्या अधिवेशनात हेली यांना व्यासपीठावर आणलं गेलं. ऑक्टोबरात हॅरिस यांनी ट्रम्पविरोधी रिपब्लिकन लिझ चेनी यांना घेऊन पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या उपनगरांत एकाच दिवसात फेरी मारली. एवढी विचारपूस कोऱ्या ओळीची कोणी केलेली मला आठवत नाही.

मोठ्या पदांपुरतंच हे नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनातून अमेरिकी संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, गेले. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक, म्हणजे खरी निवडणूक ऑगस्टची प्रायमरी. तिथे नऊ जणांच्या भाऊगर्दीत सुमारे २८ टक्के मतं त्यांना पुरली.

वर एक, खाली दुसरा

राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेटर किंवा गव्हर्नर दुसऱ्याचा निवडणं ही मध्यममार्गींची जुनी खोड, आणि ती मेली म्हणणाऱ्यांनी २०२४ चा व्हरमाँट पाहावा. हॅरिस यांना तिथे साठ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली आणि त्याच मतपत्रिकेवर रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट सत्तरच्या पुढे गेले. नॉर्थ कॅरोलिना ट्रम्प यांनी तीन टक्क्यांनी जिंकलं. गव्हर्नरपदी डेमोक्रॅट जॉश स्टाइन जवळपास पंधरा टक्क्यांनी.

गव्हर्नरच्या बाबतीत मी डोळे मिटून शिफारस करेन. सिनेटचं तसं नाही. मेनच्या सुझन कॉलिन्स तुम्हाला कितीही मवाळ वाटल्या तरी त्यांची जागा पक्षाच्या बहुमतात मोजली जाते, आणि समित्या कोणाकडे, कोणत्या न्यायाधीशाचं नाव मतदानाला घ्यायचं, हे ते बहुमत ठरवतं. तिथे माणूस बघून मत दिलं तरी पक्ष पदरात पडतोच.

आधी नोंदणी बघा

सगळ्यांत पहिली पायरी तुम्ही राहता त्या राज्याचा नियम. टेक्ससमध्ये नोंदणीच्या वेळी पक्ष विचारतच नाहीत. प्रायमरीच्या दिवशी हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागा. न्यू जर्सीत पक्ष नोंदवलेला नसेल तर मतदान केंद्रावरच नोंदवता येतो. पेन्सिल्व्हेनियात ‘अपक्ष’ राहिलात की राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचं दार बंद. दोन आठवडे आधी पक्ष निवडावा लागतो. न्यू यॉर्कमध्ये पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत.

कॅलिफोर्नियात आणखी एक खड्डा आहे. कोणत्याच पक्षाचे नसाल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’वर खूण करायची. त्याच यादीत ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ असंही दिसतं. तो १९६० च्या दशकात वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्यासाठी उभा राहिलेला, कडवा उजवा पक्ष आहे. २०१६ मध्ये त्याचे पाच लाखांच्या आसपास नोंदलेले सदस्य होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण अपक्ष आहोत असंच वाटत होतं. बे एरियात राहत असाल तर राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर आपली नोंद आजच उघडून पाहा.