कपाशीला ठिबक, तुषार (स्प्रिंकलर) की एकाआड एक सरी? हंगामभर वापरून काय वाटलं

वावर यवतमाळ जिल्ह्यात, विहीर एक, मोटर पाच एचपीची अन् लाईट कधी दिवसा कधी रात्री. दिवाळीनंतर विहीर झपाट्यानं खाली जाते, म्हणून कपाशीला तिन्ही पद्धती चालवून पाह्यल्या. वरचा मुरमाड पट्टा ठिबकवर, खालचं भारी काळं वावर एकाआड एक सरीनं आणि मधला तुकडा स्प्रिंकलरवर, कारण हरभऱ्याचे पाईप तसेही घरी पडूनच असतात.

स्प्रिंकलरचं लवकर संपवतो. उगवण सारखी करायला चांगलं. पण फुलं लागल्यावर वरून पाणी नकोच, वारा असला की अर्धं पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, अन् कमरेएवढ्या पऱ्हाटीतून (कपाशीच्या झाडांतून) चिखलात पाईप हलवणं काय असतं ते एकदा करून बघा.

ठिबकला 16 एमएमची इनलाईन नळी, म्हणजे ड्रिपर नळीच्या आतच बसवलेले, ताशी 4 लिटरचे. मुरमाडात पाणी थांबतच नाही, तिथं थोडं थोडं पण वरचेवर देणं हाच उपाय, अन् तासाभरात एकराचं काम होते. युरिया, 12:61:00, बोंडं भरताना 13:00:45 ही विरघळणारी खतं, सगळं व्हेंच्युरीतून (खत ओढून ठिबकच्या पाण्यात सोडणारं साधन), मजूर नाही. पातेगळ (कळ्या गळणं) कमी झाली, लाल्याही (पानं लाल पडणं) फारसा दिसला नाही. 2023 चा ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा, ठिबक नसताना, याच पट्ट्यातली पऱ्हाटी दुपारी मान टाकून उभी असायची, हे डोळ्यानं पाह्यलेलं आहे.

कटकटी पण ऐका. पाणी क्षारी असलं की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचते, मधून मधून अॅसिड सोडा. फिल्टर धुवायचा कंटाळा केला की टोकाच्या ओळीला थेंब नाही. खारी नळ्या कुरतडतात, रानडुकरं तुडवतात, डवऱ्याच्या (बैलांच्या कोळपणीच्या) वेळी नळी बाजूला करा अन् परत लावा.

आता खरं आश्चर्य सरीचं. डवऱ्याच्या जानोळ्याला (पात धरणाऱ्या दांड्यांना) दोरी गुंडाळून शेवटच्या पाळीला सऱ्या पाडल्या, खर्च जवळपास शून्य. एक सरी भिजवायची, एक कोरडी, पुढच्या पाळीला उलटं. प्रत्येक ओळीला एका बाजूनं पाणी मिळतेच. आधी सगळ्या सऱ्या भिजवताना एका एकराला रात्र जायची, आता त्याच रात्रीत दीड-पावणेदोन एकर होते. फक्त भेगा पडायच्या आत पाणी सोडा, एकदा काळी जमीन फाटली की पाणी भेगेत शिरते अन् सरीत पुढं सरकतच नाही. उत्पन्न ठिबकच्या तोडीचं नाही, पण भारी जमिनीत फरक एवढा नाही की त्यासाठी कर्ज काढावं.

ठिबकला राज्यात अल्प-अत्यल्प भूधारकाला 80 टक्के अन् बाकीच्यांना 75 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते नंतर खात्यात येते, आधी पैसा आपलाच गुंततो. माझं ठरलंय, मुरमाडावर ठिबक राहील, काळ्या वावरात सरीच, आणि स्प्रिंकलर परत हरभऱ्याला.