ड्रॉप्सी अव्हेन्यूवरचे बिऱ्हाडकरू

अमेरिकन चित्रकथाकार विल आयस्नर यांचे ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ १९७८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर ‘ग्राफिक नॉव्हेल’ असे शब्द होते, आणि चित्रमय कादंबरी हीच त्याची ओळख पुढे रूढ झाली. प्रत्यक्षात हा चार कथांचा संग्रह आहे. कादंबरी समजून वाचायला घेतल्यास पहिल्या कथेतील माणसे मध्येच कुठे गेली, असे वाटत राहते. कथासंग्रह म्हणून वाचल्यास मात्र या कथांना एकत्र बांधणारी इमारत नीट दिसू लागते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ड्रॉप्सी अव्हेन्यू या काल्पनिक रस्त्यावरची ही ५५ क्रमांकाची इमारत ज्यू आणि इतर स्थलांतरित बिऱ्हाडकरूंनी खच्चून भरलेली आहे, आणि काळ मुख्यतः १९३० च्या दशकातील महामंदीचा आहे. एका खोलीतील भांडण शेजारच्या खोलीत जेवणाऱ्याला ऐकू जाते, एवढे सांगितले की मराठी वाचकाला ही इमारत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

संग्रहाचा खरा भार शीर्षककथेवर आहे. फ्रिमे हर्श हा रशियातील खेड्यातून आलेला धार्मिक माणूस. आपण सत्कर्मे करावीत आणि देवाने आपला सांभाळ करावा, असा करार त्याने लहानपणीच एका दगडावर लिहून ठेवलेला असतो. दारात कुणी सोडून गेलेल्या तान्ह्या मुलीला तो आपली म्हणून वाढवतो, आणि ती ऐन तारुण्यात आजारी पडून मरते. कथा सुरू होते ती तिला पुरून परत येताना. मुसळधार पाऊस पडतो आहे, शीर्षकाची अक्षरे कोरलेली प्रचंड शिळा पानावर उभी आहे आणि तिच्याखाली पाठीत वाकलेला हर्श अगदी छोटा, चिंब भिजलेला चालतो आहे. हे एक चित्र पाहिले की करारातील दोन पक्षांपैकी कोण केवढा आहे, हे सांगायला वेगळे वाक्य लागत नाही.

पुढे हर्श तो दगड खिडकीबाहेर भिरकावतो, दाढी काढून टाकतो आणि सिनेगॉगने, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाने, विश्वासाने सांभाळायला दिलेले रोखे तारण ठेवून हीच इमारत विकत घेतो. काल ज्यांच्याबरोबर तो जिना चढत होता, त्यांच्याच भाड्यासाठी आज तो कठोर होतो. देवावरचा राग शेवटी भाडेकरूंच्या वाट्याला येतो, हा या कथेतील सर्वांत टोकदार सामाजिक भाग आहे, आणि आयस्नर यांनी तो कुठेही भाषण न करता मांडला आहे. त्यांची स्वतःची मुलगी वयाच्या सोळाव्या वर्षी ल्युकेमियाने (रक्ताच्या कर्करोगाने) गेली होती. ही गोष्ट त्यांनी वाचकांसमोर मांडली ती फार नंतर, एका प्रस्तावनेत. ती माहीत नसतानाही हर्शचा आक्रोश उसना वाटत नाही.

चित्रांना नेहमीच्या कॉमिक्ससारख्या ठरावीक चौकटी नाहीत. कित्येकदा एका पानावर एकच प्रसंग येतो, हाताने लिहिलेला मजकूर त्याच चित्रात मिसळतो, आणि चौकटीचे काम खिडक्या, दारे व जिने करतात. तपकिरी छटेच्या शाईमुळे सगळे जुन्या फोटोसारखे दिसते. चेहरे आणि हातवारे मात्र काही ठिकाणी नाटकमंडळींसारखे भडक होतात, आणि दुःखाच्या प्रसंगी ते खटकते.

दुसऱ्या कथेत इमारतींमधल्या बोळात गाऊन चिल्लर गोळा करणारा बेकार, दारुडा एडी आहे. एकेकाळची ऑपेरा-गायिका त्याला मोठा गायक करण्याचे स्वप्न पाहते, तयारीसाठी पैसेही देते. तो ते दारूत उडवतो, आणि मग तिच्या घराचा पत्ताच आपल्याला आठवत नाही, हे त्याच्या लक्षात येते. सारख्याच दिसणाऱ्या शेकडो इमारतींपैकी तिची कोणती? गरिबीवरचे इतके नेमके भाष्य चित्राशिवाय साधले असते का, याची मला शंका आहे.

इमारतीच्या रखवालदारावरची तिसरी कथा मला पटली नाही. त्याचा एकटेपणा जाणवतो, परंतु त्याच्या विरोधात उभी केलेली लहान मुलगी इतकी थंड आणि हिशेबी रंगवली आहे की ती माणूस न राहता केवळ कथेची सोय होते. चौथ्या कथेत उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात सुट्टीला गेलेली कुटुंबे येतात. श्रीमंत जोडीदार गटवण्यासाठी एकमेकांना थापा मारणाऱ्या बेनी आणि गोल्डीचा भाग आधी मजेदार आहे. पण सत्य उघड झाल्यावर तो तिच्यावर बलात्कार करतो आणि कथा त्यावर पुरेसे न थांबता पुढे सरकते. त्या काळाचे वास्तव म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण हर्शच्या दुःखाला पानेच्या पाने देणाऱ्या लेखकाला गोल्डीसाठीही जागा काढता आली असती.

संवादांतील इंग्रजीवर यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेच्या वळणाची छाप असल्याने सुरुवातीला वाचनाचा वेग मंदावतो. याच वस्तीवरची पुढची दोन पुस्तके, १९८८ चे ‘अ लाइफ फोर्स’ आणि १९९५ चे ‘ड्रॉप्सी अव्हेन्यू’, या पुस्तकासह २००५ मध्ये एका खंडात निघाली. तिसऱ्यात रस्त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास येतो, पण इतकी माणसे भराभर येऊन जातात की हर्शसारखे कुणी जवळ येत नाही. एकच घ्यायचे असेल, तर मी पहिलेच घेईन.