कॅफे रेसर करायचीय, पण कोणती जुनी गाडी उघडायची? बुलेट, येझदी आणि आरएक्स १००

जुनी गाडी कॅफे रेसर करायची म्हटलं की बहुतेक जण फोटोवरून सुरुवात करतात. लांब टाकी, एकट्याची सीट, सीटमागे छोटं कुबड, खाली झुकलेलं हँडल. फोटो मिस्त्रीला दाखवला की तो आधी ग्राइंडरच शोधतो. माझं म्हणणं उलट आहे. फोटो बाजूला ठेवा, गाडीच्या मागे उकिडवे बसा आणि मागच्या शॉकच्या पलीकडे काय नटबोल्टावर आहे आणि काय वेल्डिंगचं आहे ते मोजा. नटबोल्टावरचं सगळं उद्या परत चढवता येतं. कापलेलं परत येत नाही, आलं तरी सांधा दिसतो.

आपल्याकडे या कामासाठी फिरून फिरून तीनच गाड्या समोर येतात: उजव्या गिअरची, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०, येझदी रोडकिंग आणि यामाहा आरएक्स १००. राजदूत आरडी ३५० मी मुद्दाम धरत नाही. १९८३ साली आलेली ती दोन सिलिंडरची गाडी आता इतकी दुर्मीळ आहे, की चालू स्थितीतल्या आरडीला ग्राइंडर लावणाऱ्याशी मी चहासुद्धा पिणार नाही.

तुलनेआधी कॅफे रेसरची ती बैठक कशासाठी होती ते लक्षात घेऊ. १९५०-६० च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांना 'टन' गाठायचा असे, म्हणजे ताशी १०० मैल, आपले १६० किलोमीटर. त्यासाठी वाऱ्याखाली झुकायचं म्हणून हँडल खाली, झुकल्यावर गुडघे टाकीत बसावेत म्हणून पायदाण मागे, आणि मागे सरकलेलं बूड घसरू नये म्हणून सीटला कुबड. मडगार्ड छाटले ते वजनासाठी. पैसेवाले नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवत, तीच 'ट्रायटन'. ब्रिटनच्या महामार्गांवर १९६५ च्या अखेरीपर्यंत वेगमर्यादाच नव्हती, हेही विसरू नका. आपल्याला ती बैठक खंबाटकीत आणि गावागावांतल्या स्पीडब्रेकरवर वापरायची आहे. वारा अंगावर घ्यायचा वेगच नसेल, तर पुढे झुकलेल्या धडाचं सगळं वजन मनगटांवर येतं.

आता आकडे. बुलेटचं इंजिन ३४६ सीसी, शक्ती साधारण १८ अश्वशक्ती, वजन १६५ किलोच्या आसपास. रोडकिंग २५० सीसी, १६ अश्वशक्ती, सुमारे १४० किलो. आरएक्स ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, शंभर किलोच्या जरा वर. गंमत म्हणजे भागाकार केला तर शंभर किलोमागे तिघींच्या वाट्याला जवळपास सारखीच, अकरा अश्वशक्तीच्या आगेमागे ताकद येते. म्हणून 'कोण पळते' या वादात कट्ट्यावर संध्याकाळ छान जाते, निर्णयाला मात्र त्याचा उपयोग नाही. ती ताकद कधी मिळते, हा खरा फरक. बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील, त्यामुळे ती खालूनच ओढते आणि ऐंशीच्या पुढे पायदाणापासून आरशापर्यंत सगळं थरथरायला लागतं. आरएक्सचा बोअर-स्ट्रोक ५० बाय ५०, खाली मरगळलेली, आणि एकदा वर चढली की पुढचं चाक हलकं. येझदी या दोघींच्या मधली.

बुलेटपाशी जरा जास्त थांबतो, कारण माझा कौल तिच्या बाजूने आहे. तिच्या चेसिसला इंजिनाखालून पाइप नाही. पुढचा एकच पाइप खाली येतो आणि इंजिन, त्याच्या पाट्या आणि स्वतंत्र गिअरबॉक्स मिळून खालचा दुवा पुरा करतात. मागे सीट, मडगार्ड, कॅरिअर, पकडायचा दांडा हे बहुतांशी बोल्टवरचं. ते उतरवून पत्र्याची किंवा फायबरची एकट्याची सीट त्याच भोकांवर बसवता येते. टाकी बदलायची तर तीही बोल्टवर. मूळ टाकी आतून तेल फिरवून, तोंड बंद करून माळ्यावर ठेवा. तशीच ठेवली तर तीन पावसाळ्यांत आतून गंजते आणि मग 'मूळ टाकी आहे माझ्याकडे' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

बुलेटचं पायदाण मागे नेताना मात्र डोकं लावावं लागतं. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. मागचा ड्रमही डावीकडेच, म्हणून ब्रेकचा दांडा छोटा करून काम भागतं. गिअरचा खटका थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतो, तो उलटा फिरवून मागे तोंड केला की पाय पोचतो, पण मग गिअरही उलटे पडतात. मूळ गाडीत पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. खटका फिरवल्यावर पहिला खाली आणि बाकीचे वर. काहींना हेच बरं वाटतं, कारण बाकीच्या गाड्यांची सवय जुळते. न्यूट्रल फाइंडरची, म्हणजे गाडी थेट न्यूट्रलवर आणणाऱ्या वेगळ्या खटक्याची, जागा मात्र बुटाला पुन्हा शिकावी लागते. हे सगळं लेथवर होणारं काम आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही बऱ्या टर्नरकडे पायदाणाचे ब्रॅकेट आणि खटक्याचा दांडा करून मिळतो. तयार सेट मागवून तो बसावा म्हणून चेसिस घासत बसण्यापेक्षा हे बरं.

बुलेटच्या घराण्यात कॅफे रेसर ही काही बाहेरून आलेली सून नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्डने २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी कारखान्यातूनच झुकलेल्या हँडलची काढली होती. हे सांगतो ते कौतुकासाठी नाही. सिंगल सिलिंडरवर हे रूप शोभतं का, ही शंका काढून टाका एवढ्यासाठी.

आरएक्स वेगळ्याच कारणाने मोह घालते. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली ही गाडी मुळातच निम्मी कॅफे रेसर आहे: गोल दिवा, सपाट सीट, अठरा इंची चाकं, अंगावर फालतू काही नाही. हँडल बदललं आणि सीटला कुबड दिलं की चित्र तयार. पण आज स्वच्छ कागदांची, मूळ भागांची आरएक्स लाखाच्या वर जाते आणि ती किंमत मूळपणाचीच असते. चेसिसचं शेपूट कापलंत, की तिथेच निम्मी घालवलीत. दुसरा धोका पोटातला. कॅफे रेसर म्हटलं की सीटखालचा एअर बॉक्स (हवा गाळणारा डबा) काढून त्याजागी गोल फिल्टर लावायची हौस असते, कारण मधली जागा मोकळी दिसते. टू-स्ट्रोकमध्ये हवा वाढली आणि कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट तोच राहिला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. माझ्या आरएक्सने खंबाटकी चढताना असंच धरलं होतं. मेन जेट न बदलता फिल्टर लावला होता, चूक माझीच. क्लच वेळेत ओढला म्हणून बचावलो. नंतर सिलिंडर बोअर करून एक साइज वरचा पिस्टन टाकावा लागला. प्रत्येक बोअरने सिलिंडरचं आयुष्य थोडं संपतं, आणि मूळ सिलिंडर आता झाडाला लागत नाहीत.

येझदीबद्दल मी पक्षपाती आहे हे आधीच कबूल करतो. म्हैसूरच्या कारखान्यातून १९७८ ते १९९६ निघालेल्या रोडकिंगचे दोन सायलेन्सर आणि तो आवाज मला मूळ रूपातच आवडतो. पण कारण फक्त आवड नाही. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर आहेत. तो दांडा आत दाबून फिरवला की किक, परत खाली पाडला की गिअर. शिवाय गिअरचा खटका दाबताना क्लचही आतून सुटतो. आता पायदाण मागे न्या. खटका पायापासून दूर गेला, म्हणून मध्ये सांधे घाला. सांध्यांची ढील आली की क्लच अर्धवट सुटतो. आणि एवढं करून किक मारताना सगळा जुगाड वाटेतून बाजूला जायला हवा. कोणी करतच नाही असं नाही. पण करणाऱ्यांपैकी बरेच जण पायदाण मूळ जागीच ठेवून फक्त हँडल खाली घेतात, आणि मग हात पुढे, पाय पुढे अशी चमत्कारिक बैठक होते. पाठदुखीचा यापेक्षा सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

कायद्याचा भाग गोड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायदाण आणि साडीगार्ड हेही नियमातच आहेत; एकट्याच्या सीटवर हे तिन्ही जातात. आवाजी सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रात पाहिले असतीलच. नटबोल्टावरचा बदल म्हणून तो कायदेशीर होतो, असं अजिबात नाही. फरक एवढाच, की पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी मूळ रूपात उभी करायची वेळ आली तर बोल्टवाल्याकडे मूळ रूप शिल्लक असतं, आणि कापणाऱ्याकडे नसतं.

याच्याच पोटात आणखी एक हिशेब आहे, जो गाडी उघडताना कोणी करत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी दिली. रोजच्या वापरासाठी ती नाही, पण गाडीच्या जपणुकीला तो मान आहे. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटांपैकी जुन्या गाड्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली. पहिल्या रोडकिंग २०२८ मध्ये तिथे पोचतील. आरएक्सला २०३५ उजाडेल. तुमच्या बुलेटच्या आरसी बुकावर १९७२ असेल आणि टाकीवरचा रंगसुद्धा मूळचा असेल, तर कृपा करून तिचं इंजिन करा, तारा बदला, क्रोम करून घ्या आणि कॅफे रेसरसाठी दुसरी गाडी शोधा. नव्वदच्या दशकातली, आधीच तीन हातांतून गेलेली, टाकी बदललेली, मडगार्ड हरवलेली बुलेट मिळते. त्या गाडीचं मूळपण आधीच कोणीतरी घालवलेलं असतं, तुमच्या हातून काही बिघडत नाही.

म्हणजे माझ्या लेखी निवड अशी लागते. घरातली गाडी आहे, आजोबा-काकांची आठवण आहे: मूळ रूप, मग ती कोणतीही असो. बाजारातून गाडी घेऊनच काम करायचंय: मोडकी बुलेट. आरएक्स फक्त तेव्हा, जेव्हा ती आधीच कुणीतरी कापलेली आहे, टू-स्ट्रोकचं तेलपाणी तुम्हाला कळतं आणि जवळ जेटिंग समजणारा माणूस आहे. येझदी नाही. आणि नुसतं रूपच हवंय, हात काळे करायची हौस नाही, तर २०१८ साली आलेली कॉन्टिनेंटल जीटी ६५० सरळ शोरूममधून घ्या. तीन लाखांच्या वर जाईल, पण ४७ अश्वशक्ती, एबीएस आणि पासिंगची कटकट नाही. जुन्या बुलेटला तीन वर्षं पैसे चारल्यावर तो आकडा तितका मोठा वाटत नाही, हे अनुभवाने सांगतो.

बुलेट घ्यायची ठरली तर पैशाचा क्रम असा धरा: आधी इंजिन, मग ब्रेक, मग तारा, शेवटी रंग. रंग आधी लावून घेतलेल्या आणि मग इंजिन खोलताना टाकीवर पाना पडलेल्या गाड्या मी दोन पाहिल्यात. पुढचा ड्रम जुना असेल तर नंतरच्या काही बुलेटांना आलेला सात इंची, दोन लीडिंग शूचा (दोन्ही ब्रेकपट्ट्या जोराने धरणारा) ड्रम मिळतो का पाहा. पहिल्या पावसाळ्यासाठी मागचं मडगार्ड पूर्ण छाटू नका, नाहीतर ताम्हिणीतून परत येताना शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ असते.

आणि टोकन देण्याआधी विकणाऱ्याला आरसी बुक घेऊन उजेडात बोलवा. चेसिस नंबरावरची घाण रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत घासतात तशीच. उमटलेले आकडे बुकातल्या आकड्यांशी एकेक करून जुळवा, मग इंजिन नंबरही जुळवा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका ठोकलेला दिसला तर चहा प्या, आभार माना आणि बसने घरी या.