म्हापशातलं वेषभूषेचं दुकान: काकी भारी, झिपा ढिल्या

डिसेंबर म्हणजे आमच्या घरी शाळेचं गॅदरिंग, धाकटीची सर्दी, 3 तारखेचं जुन्या गोव्याचं फेस्त, 19 चा मुक्तिदिन आणि नाताळात मुंबईचे पाहुणे, सगळं एकदम. पोरींचे कपडे शिवत बसायला वेळ कुणाला? म्हणून बाजारामागच्या गल्लीतलं काकींचं हे भाड्याने कपडे देणारं दुकान.

थोरलीचा कुणबी नाच होता. लाल चौकड्यांचं लुगडं मिळालं, तेही सुती, चमचमणारं सॅटिन नव्हे. गुडघ्यापर्यंत नेसवून खांद्यावर गाठ कशी मारायची तेही काकींनी दाखवलं. धाकटीला बाईंनी दिला होता बुलबुल, गोव्याचा राज्यपक्षी. तो तयार कुठे मिळणार! काकींनी कोंबडीच्या पिल्लाचा पिवळा डगला काढला, वर काळी टोपी चढवली, गळ्याखाली लाल कापडाचा तुकडा टाचला. झाला बुलबुल. (स्टेजवर तो नुसता शिंकत होता, ते सोडा.)

भाडं 250, अनामत 500. परत करताना कटकट नाही. पण कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास भयंकर. मूल खोकत असेल तर आदल्या दिवशीच आणून उन्हात टाका. सेफ्टी पिना घरच्या न्या.

शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे स्कूटर लावायलाही जागा नसते. दुपारी 1 ते 3.30 बंद. आणि सांताक्लॉजचे लहान मापाचे डगले पहिल्या आठवड्यातच उचलले जातात, ते आधी सांगून ठेवा.