पांढऱ्या कुत्रीच्या रंगाची जनुकीय चाचणी: एक अभिप्राय

आमच्या माल्टीज कुत्रीचे काळे नाक फिकट होऊ लागले, तेव्हा तिची जातच शुद्ध नसावी असे मत सोसायटीत व्यक्त झाल्याने मुलुंडमधील एका पशुचिकित्सालयामार्फत ६,५०० रुपयांची ही चाचणी करून घेतली. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नमुना तयार होतो.

अहवालाचा मुख्य भाग उत्तम आहे. एमसी१आर या जनुकाच्या दोन्ही प्रती निष्क्रिय असल्या की केसांत काळे रंगद्रव्य तयार होत नाही, केवळ तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन उरते, आणि तेही अतिशय विरळ झाले की केस पांढरे दिसतात. त्वचेतील काळा रंग मात्र टिकतो, म्हणून नाक आणि पापण्यांच्या कडा काळ्या राहतात, हे त्यात नेमकेपणाने समजावले आहे. हा पांढरेपणा अल्बिनिझम (रंगद्रव्यच तयार न होण्याचा जन्मजात दोष) नव्हे, हेही (शेजाऱ्यांसाठी) स्पष्ट झाले. नाक तपकिरी करणारे टीवायआरपी१ या जनुकातील बदल तिच्यात आढळले नाहीत. त्यामुळे हा फिकटपणा जन्मजात नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

तक्रार एवढीच की, 'संपूर्ण रंगचाचणी' अशी जाहिरात असूनही फिओमेलॅनिन फिके करणारा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एमएफएसडी१२ या जनुकातील बदल तपासलेलाच नाही. शिवाय डोळ्यांखालचे तांबूस डाग अश्रूंतील पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे पडतात, रंगाच्या जनुकांमुळे नव्हे. तरीही अहवालासोबत त्यावरच्या पावडरीचे पत्रक जोडले होते, ते अनावश्यक वाटले.