चार रबरी पाय आणि माडीवरचा टर्नटेबल

आमचं घर जुन्या वाड्याच्या माडीवर, जमीन लाकडी फळ्यांची. आई देवपूजेला उठून चार पावलं चालली, की मी घरी जुळवलेल्या टर्नटेबलची, म्हणजे जुन्या तबकड्या वाजवणाऱ्या यंत्राची, सुई उडी मारणार. यावर इलाज म्हणून चार मऊ पॉलियुरेथेनचे अर्धगोल पाय ऑनलाइन मागवले. साडेअकराशे रुपये. काळे, लिबलिबीत, बोटाने दाबले तर खव्यासारखे बसतात आणि सावकाश वर येतात. टर्नटेबलाखाली लावले, तर सुई पूर्वी एकदा उडायची ती आता डुलत डुलत तीनदा उडायला लागली.

चूक मालाची नाही, माझी. वजनाखाली पाय 1 मिलिमीटर दबला तर वरची वस्तू साधारण 16 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 16 वेळा झुलते, 4 मिलिमीटर दबला तर 8 ला. त्या आकड्याच्या दीडपटीपासून पुढची थरथर तो अडवतो, पण त्या आकड्याजवळची उलट वाढवतो. माझे पाय जवळजवळ 3 मिलिमीटर दबले होते, म्हणजे 9 हर्ट्झ. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची सुईची डबी) यांचा स्वतःचा झोकाही 8 ते 12 मधलाच! आणि पावलांची धडधड त्याहून खालची, ती या पायांना जुमानतच नाही. शेवटी दगडी भिंतीत फळी ठोकली, टर्नटेबल तिच्यावर चढवला. सुई गप्प.

पाय वाया कशाला घालवायचे, म्हणून ईसीसी83 व्हॉल्व्हच्या (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळीच्या) प्रीअँपखाली, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्याखाली, सरकवले. डबा हलका, त्यामुळे पाय जेमतेम अर्धा मिलिमीटर दबतात. तरी इथे ते कामाला आले, कारण व्हॉल्व्हची किणकिण शेकडो हर्ट्झमधली. पूर्वी शेजारी पेन्सिल आपटली तरी स्पीकरमधून ‘टण्ण’ यायचं, आता जवळपास काही नाही. थेट डब्यावर टिचकी मारली तर मात्र अजून टण्णच. त्यासाठी व्हॉल्व्हचं सॉकेट वेगळ्या पत्र्यावर घेऊन तो पत्रा रबरी बुशांवर (मधे भोक असलेल्या रबरी तुकड्यांवर) तोलायला हवा. दिवाळीच्या सुट्टीत बघू.

खरं समाधान दिलं ते स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानातल्या स्वस्त रबरी बुशांनी. ट्रान्सफॉर्मरची 100 हर्ट्झची घूं-घूं अख्खी चासी (पत्र्याचा सांगाडा) वाजवत होती, म्हणून तो या बुशांवर बसवला. पहिल्यांदा नट इतका आवळला की रबराची चपाती झाली, बोल्ट पत्र्याला टेकला आणि आवाज होता तसाच. बोल्टवर प्लास्टिकची नळी चढवून नट बेताने कसला, तेव्हा घूं-घूं विरली. एक सांगतो, रबरामुळे ट्रान्सफॉर्मरची अर्थिंग तुटते. तिची वायर वेगळी ओढा, यात आळस नको.

पाय घेताना आधी डबा वजनकाट्यावर ठेवा, त्याला चारने भागा आणि तेवढं वजन पेलणारा पाय मागा. मी विक्रेत्याला हे विचारलं, तर उत्तर आलं, “सर, सब चलेगा.” टर्नटेबलासाठी या पायांना शून्य, प्रीअँपसाठी पाचात चार. एक मार्क कापला तो डागांसाठी: महिन्याभरात सागवानी कपाटावर चार तेलकट वर्तुळं उमटली. आता प्रत्येक पायाखाली काचेचा तुकडा आहे आणि वर्तुळांवर आईचा क्रोशाचा रुमाल.