एकरकमी की रॉयल्टी? चित्र वापरायला देताना

मैत्रिणीची गोदाघाटाची वॉटरकलर्स नाशिकच्याच एका डायरी-कॅलेंडरवाल्याला हवीयेत, 2027 चा कुंभमेळा डोळ्यासमोर ठेवून, आणि ही अडकलीये की एकरकमी घ्यावी की रॉयल्टी.

पैसा: एकरकमीत लगेच हातात, माल खपो न खपो. रॉयल्टी विक्रीवर, म्हणजे समजा 5 टक्के ठरले आणि 200 रुपयांच्या 1000 डायऱ्या गेल्या तर 10 हजार, पण टक्के एमआरपीवर की दुकानदाराला दिलेल्या भावावर हे आधी विचारायचं, खरी गोम तिथेच असते.

कटकट: रॉयल्टीत हिशोब मागत बसा. एकरकमीत बिल दिलं, विषय संपला.

हक्क: इथे दोन्हीकडे सारखंच जपायचं. एकरकमी म्हणजे चित्र विकलं असं नाही बरं का! 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लायसन्स, म्हणजे चित्र वापरायची परवानगी, लेखी लागतं, मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर अख्खा भारत. म्हणून 'फक्त डायरी-कॅलेंडर, एक वर्ष, नॉन-एक्सक्लुझिव्ह' (म्हणजे फक्त त्यालाच नाही) असं लिहून घ्या, मग तेच चित्र टी-शर्टवाल्यालाही देता येतं.

छोटा प्रिंटर, एका सीझनचा माल असेल तर एकरकमी. वर्षानुवर्षं विकणारा आणि हिशोब दाखवणारा असेल तर थोडा ॲडव्हान्स घेऊन रॉयल्टी. हिला मी एकरकमीच सांगितलंय.